सवलत कोणाच्या हातून?

तुर्भे येथील दाणाबाजारात मालमोटारीचा फाळका खाली पडला, म्हणजे टोळीतील दोघे गोणीची टोके धरून ती तिसऱ्याच्या पाठीवर चढवितात, आणि तो तिसरा, मान किंचित पुढे काढून व एक हात मागे गोणीच्या कानावर ठेवून, गाळ्याच्या आत रचलेल्या थप्पीपर्यंत न थांबता चालत जातो. तेथे मेहताजी पेन्सिलीने रेघ ओढतो, आणि मोटार रिकामी झाली की त्या व्यापाऱ्याचे व त्या हमालाचे त्या खेपेपुरते नाते संपते. दुपारी हीच टोळी चार गाळे सोडून दुसऱ्या पेढीचा माल उतरवीत असेल, आणि त्या पेढीच्या मालकाने तिच्यातील एकाचेही नाव कधी विचारले नसण्याचा संभव आहे. असे असूनही या माणसाच्या नावे भविष्यनिर्वाह निधी जमा होत असतो, त्याला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळायचे असते, दिवाळीस बोनस मिळतो, भरपगारी रजेचे पैसे मिळतात, आणि आजारपणात कोपरखैरण्याच्या माथाडी रुग्णालयाचा दरवाजा त्याला उघडा असतो. ज्याला निश्चित असा एक धनीच नाही, त्याला धन्याने द्यावयाच्या बहुतेक सवलती प्राप्त झाल्या आहेत, ही स्थिती मोठी विलक्षण आहे, आणि नोकरांस दिलेल्या सुखसोयींनी त्यांची मालकावरील निष्ठा वाढते की नाही या जुन्या प्रश्नाचा विचार करू इच्छिणाऱ्याने आपला मुक्काम प्रथम येथेच टाकावा, असे मला वाटते.

ही व्यवस्था आपोआप अस्तित्वात आलेली नाही. पाटण, जावळी, वाई, जुन्नर, आंबेगाव अशा डोंगराळ आणि कोरडवाहू मुलखातून मुंबईच्या मशीद बंदर आणि दाणाबंदर भागात आलेले हे लोक दिवसभर ओझी वाहात, रात्री एकेका खोलीत पंधरा-वीस जण पथाऱ्या पसरीत, खाणावळीत जेवीत, आणि त्यांची मजुरी मुकादमाच्या मर्जीवर व व्यापाऱ्याच्या सवडीवर अवलंबून असे. कारखान्यातील कामगारांसाठी झालेले कायदे त्यांना लागू होत नसत, कारण प्रत्येक कायदा प्रथम हेच विचारी, की तुझा मालक कोण? या प्रश्नाला हमालाजवळ उत्तर नव्हते. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली, दीर्घकाळ लढा दिला, आणि १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला. मालक सापडत नसेल तर त्याचा शोध न करता त्याच्या जागी एक मंडळ उभे करावे, ही त्या कायद्यातील युक्ती एवढी साधी आणि एवढी दूरदर्शी होती, की आपल्या देशातील कामगार-कायद्यांच्या इतिहासात तिच्या तोडीची उदाहरणे थोडीच सापडतील.

मंडळाचा कारभार असा चालतो: त्यावर व्यापारी, कामगार आणि सरकार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी असतात, व्यापारी आणि टोळी या दोघांचीही मंडळाकडे नोंद असते, कामाची मजुरी व्यापाऱ्याने कामगाराच्या हातावर न ठेवता मंडळात भरावयाची, आणि तिच्यावर ठराविक टक्के रक्कम, जिला बाजारात सर्वजण लेव्ही म्हणतात, वेगळी भरावयाची. लेव्हीचे प्रमाण मंडळागणिक निराळे असते, पण ते मजुरीच्या साधारण एक-तृतीयांशाच्या आसपास असते असे धरून चालण्यास हरकत नाही. त्या लेव्हीतून निधी, उपदान, बोनस, रजा, सुट्ट्या आणि औषधोपचार यांची तरतूद होते, आणि मजुरी टोळीच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येकाच्या खात्यावर पडते. दहा व्यापाऱ्यांनी भरलेली रक्कम मंडळाच्या दप्तरात शिरली, की ती कोणाकडून आली याची ओळख पुसली जाते.

मग या माणसाची निष्ठा कोठे जाते? ती नाहीशी होत नाही, हे बाजारात थोडा वेळ घालविणाऱ्याच्या सहज ध्यानात येईल. ती प्रथम टोळीकडे जाते, कारण मजुरीची वाटणी टोळीत होते, एकजण आजारी पडला तर त्याचे ओझे इतरांच्या पाठीवर येते, आणि गावाकडचा पुतण्या किंवा मेहुणा काम शोधीत आला तर तोही आधी टोळीतल्यांनाच विचारून येतो. नंतर ती मंडळाकडे आणि संघटनेकडे जाते. प्रतिवर्षी २५ सप्टेंबर रोजी अण्णासाहेबांच्या जयंतीस नवी मुंबईत भरणाऱ्या मेळाव्याला जी गर्दी लोटते, ती एखाद्या पेढीच्या शताब्दीला लोटणार नाही. 'आमचं बोर्डात आहे' हे वाक्य माथाडी ज्या स्वरात उच्चारतो, त्या स्वरात तो कोणत्याही शेठजीचे नाव घेत नाही. आणि पन्नास किलोंहून अधिक वजनाची गोणी उचलणार नाही असे त्याने ठरविले, की ज्याच्या पैशातून त्याची लेव्ही भरली जाते त्याच व्यापाऱ्याची मालमोटार तशीच उभी राहते. व्यापाऱ्याला यात कृतघ्नता दिसते. मला तशी दिसत नाही. सवलतीची किंमत त्याने मोजली हे खरे, पण ती सवलत पोहोचली दुसऱ्याच्या हातून, आणि मनुष्यस्वभाव पैशाच्या उगमाकडे पाहात नाही, पैसा ज्या हातातून आला त्या हाताकडे पाहतो.

 

निष्ठा म्हणून आपण जिला संबोधतो ती वस्तुतः एकजिनसी नाही, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. कॅनडातील जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या दोघांनी १९९१ साली तिचे तीन पदर उलगडून दाखविले. पहिला पदर मनाच्या ओढीचा, म्हणजे मनुष्य तेथे राहतो कारण त्याला तेथे राहावेसे वाटते. दुसरा कर्तव्यबुद्धीचा, म्हणजे ज्याने आपल्या अडीअडचणीला हात दिला त्याला सोडून जाणे बरे नव्हे असे त्याला वाटते. आणि तिसरा निरुपायाचा, म्हणजे सोडून गेल्यास जे गमवावे लागेल ते त्याला परवडत नाही. तिसऱ्या पदराकडे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६० मध्येच लक्ष वेधले होते: निवृत्तिवेतन, ज्येष्ठता, ओळखीपाळखी अशा लहानसहान गोष्टी माणूस नकळत एका जागी गुंतवीत जातो, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात येते की येथून उठणे आता महाग झाले आहे. बाहेरून पाहता तिन्ही माणसे सारखीच दिसतात. तिघेही सकाळी वेळेवर हजर, तिघांच्याही सेवापुस्तकात वीस वर्षे. फरक दिसतो तो रात्रपाळीत यंत्र बंद पडले असता: तेव्हा कोण थांबतो, आणि कोण घड्याळाकडे पाहून डबा उचलतो.

सुखसोयींच्या योगाने कामगार टिकविण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा जमशेटजी टाटांपुढे मोठा प्रश्न गैरहजेरीचा होता. विदर्भातील शेतकरी-कामगाराला भोंग्याच्या शिस्तीची सवय नव्हती; पेरणी आली, लग्न आले, यात्रा आली की माग ओस पडत. दंड वाढविणे हा उपाय त्या काळच्या कोणत्याही गिरणीमालकाला सुचला असता. जमशेटजींनी उलट मार्ग धरला: निवृत्तीची व बचतीची योजना, विम्याची सोय, कामगारांच्या कुटुंबांसह साजरे होणारे क्रीडादिन आणि त्यांतून वाटली जाणारी बक्षिसे. निवृत्तिनिधी १८८६ साली व अपघाताची भरपाई १८९५ साली तेथे सुरू झाली असे नोंदलेले आहे, म्हणजे अपघातभरपाईचा १९२३ चा कायदा अद्याप पाव शतकाहून अधिक दूर होता. यात हिशेबी व्यवहार नव्हता असे कोणी म्हणू नये. हजेरी सुधारावी हाच हेतू होता. परंतु ज्या कामगाराला कायद्याने काहीही देणे लागत नव्हते त्याला धन्याने आपण होऊन काही दिले, तेव्हा त्या देण्यात त्याला स्वतःचा मान दिसला. मेयर-ॲलन यांचा पहिला आणि दुसरा पदर अशा ठिकाणी विणला जातो.

त्याच न्यायाने, आपण होऊन दिलेले परत घेतले तर काय घडते याचा धडा मुंबईच्या गिरणगावाने दिला. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अलोट नफा झाला, आणि १९१७ पासून मालकांनी कामगारांस बोनस देण्यास आरंभ केला. चार-पाच वर्षांत तो बोनस चाळीतल्या संसाराच्या हिशेबात धरला जाऊ लागला. उधारीचा वायदा, गावी पाठवायची मनिऑर्डर, मुलीचे लग्न, हे सारे त्याच्यावर बेतले गेले. १९२३ च्या सुमारास नफा ओसरला, मालकांनी यंदा बोनस नाही म्हणून जाहीर केले, आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने निर्णय दिला, की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क पोहोचत नाही. न्यायाच्या काट्यावर तो निर्णय बरोबर असेल. गिरणगावाच्या मनाला तो पटणे शक्य नव्हते. देणगी म्हणून दिलेली वस्तू पाच दिवाळ्या सतत मिळाली की ती हक्क होते, हे सत्य पुढे विधिमंडळांनाही मान्य करावे लागले: १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीने, रूढ झालेली सवलत काढून घ्यावयाची असल्यास मालकाने एकवीस दिवसांची पूर्वसूचना दिली पाहिजे असे बंधन घातले, आणि १९६५ च्या अधिनियमाने बोनसच सक्तीचा करून त्याची किमान मर्यादा कालांतराने ८.३३ टक्क्यांवर, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगारावर, आणून ठेवली. त्या दिवसापासून कामगाराला सुरक्षितता लाभली. मालकाला मात्र बोनसमधून मिळणारा दुवा मिळेनासा झाला. कायद्याने सक्तीचे झालेले दान कोणी मनावर घेत नाही, आणि हा सौदा कामगाराच्या दृष्टीने मुळीच तोट्याचा नव्हता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर साठीच्या दशकात रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, मफतलाल घराण्याची नोसिल १९६१ ची, आणि नवे शहर वसविणारी सिडको १९७० ची. अर्थात येथे कारखाना आधी आला आणि शहर मागाहून आले. आसपास दुकान नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात खाडीकाठचा चिखल तुडवावा लागे, अशा जागी कुशल कामगार आणून ठेवायचा तर कंपनीची बस आणि कंपनीचे कँटीन यांवाचून गत्यंतर नव्हते. अडीचशेहून अधिक कामगार असले तर कँटीन चालविणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक होतेच, पण कँटीन चालविणे निराळे आणि त्यात माणसासारखे जेवू घालणे निराळे. ज्यांनी या पट्ट्यात उमेदीची वर्षे काढली त्यांच्या बोलण्यात अजून पहिल्या पाळीची बस, कँटीनमधील मंगळवारची उसळ आणि ताटाचे नाममात्र दर यांचा उल्लेख मूळ पगाराच्या आधी येतो. पगाराच्या करारावर जो असंतोष महिनोन्महिने धुमसत राहतो तो डाळ पातळ झाल्याच्या निमित्ताने एका दुपारी पेट घेतो, याचे कारणही तेच. पगार हा दोन पक्षांमधील करार असतो. ताट ही आपल्याला येथे काय समजतात याची रोजची खूण असते. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी कायम कामगाराला एका दराने आणि कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दराने कूपन मिळत असेल, तर त्या कँटीनने निष्ठा वाढविल्याचे कोणत्याही व्यवस्थापकाने सांगू नये.

उपदानाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. १९७२ च्या अधिनियमाने असे ठरविले, की पाच वर्षे सलग सेवा केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरावा. ज्याचा अखेरचा मूळ पगार महागाई भत्त्यासह २६,००० रुपये आहे त्याचे पंधरा दिवसांचे १५,००० होतात. वीस वर्षांनी तो ३,००,००० घेऊन घरी जातो. परंतु साडेतीन वर्षे झालेल्याने जागा सोडली तर त्याच्या हाती या खात्यातून काहीच पडत नाही. सबब चौथ्या वर्षातील माणूस बाहेरचा चांगला देकार आला तरी 'पाच होऊ देत' म्हणतो, आणि पाच होताच राजीनाम्याचा कागद काढतो. हे दृश्य कोणत्याही आस्थापना-खात्याच्या कारकुनाला परिचित आहे. पाच वर्षांच्या अटीने माणूस अडतो, गुंतत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नोकरीवरील कामगारांसाठी ही अट एका वर्षावर आणली, त्यामुळे अडविण्याचे हे साधन पुष्कळच बोथट होणार आहे.

अडविण्याचा सर्वांत प्रभावी प्रकार मात्र आजारपणाच्या भयातून निर्माण होतो. अमेरिकेत, जेथे वैद्यकीय विमा बहुतांशी नोकरीला जोडलेला आहे, ब्रिजिट मॅड्रियन या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९९४ मध्ये असे दाखविले, की विमा जाईल या धास्तीने स्वेच्छेने नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटते. आपल्याकडे ही धास्ती नव्या स्वरूपात ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत आली आहे. तेथील तरुणाला स्वतःच्या विम्याची फारशी चिंता नसते. त्याला चिंता असते ती सातारला किंवा जळगावला राहणाऱ्या, साखरेचा आणि रक्तदाबाचा विकार जडलेल्या आईवडिलांची, ज्यांना बाजारात स्वतंत्र विमा एक तर मिळत नाही किंवा परवडत नाही, आणि ज्यांना कंपनीच्या सामुदायिक विम्यात मात्र पहिल्या दिवसापासून जागा मिळते. अशा मुलाला व्यवस्थापन 'निष्ठावंत' म्हणते. ती निष्ठा वडिलांवरची आहे; तिचा लाभ कंपनीस मिळतो एवढेच.

याच ऐरोलीत आणखी एक बोधप्रद घटना घडली. तेथे पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सचे विस्तीर्ण आवार होते. २०११ मध्ये ती कंपनी आयगेटने घेतली, आणि २०१५ मध्ये आयगेट कॅपजेमिनीने घेतली. ज्याने पहिल्या नावावर विश्वासून मन गुंतविले त्याला जागा न सोडता चार-पाच वर्षांत तीन मालक पाहावे लागले. दरवाजावरची पाटी बदलली, गळ्यातील ओळखपत्राचा रंग बदलला. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा सर्वत्र चालणारा बारा अंकी क्रमांक मात्र, जो २०१४ मध्ये सरकारने देऊ केला, तसाच राहिला. या क्रमांकामुळे जुन्या मालकाकडील शिल्लक नव्याकडे वळविणे सोपे झाले आणि जुन्या जागी चिकटून राहण्याचे एक कारण संपले. येथे ऐरोलीचा संगणकतज्ज्ञ आणि तुर्भ्याचा माथाडी एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, जरी दोघांनाही त्याची कल्पना नसेल: दोघांचीही शिल्लक मालकापासून सुटी झाली आहे. माथाडीचे हे अर्ध्या शतकापूर्वीच घडले.

तेव्हा मालकांनी सुखसोयींवर खर्च करूच नये काय? मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग येथील अभियंते व हिशेबनीस यांची चौकशी करून १९५९ मध्ये जे मत मांडले ते असे, की पगार, सोयी, कामाची जागा यांच्या अभावाने माणूस नाराज होतो, पण त्यांच्या असण्याने कामाचा उत्साह उत्पन्न होत नाही. हे मत मला अर्धेच पटते. पाळणाघर असलेल्या कचेरीत मूल शेजारच्या खोलीत झोपले आहे हे जाणून काम करणारी आई आणि दुपारी तीन वाजता शेजारणीला दूरध्वनी करणारी आई, यांच्या कामात केवळ नाराजीचाच फरक असतो असे कोण म्हणेल? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय करण्याची तरतूद २०१७ मध्ये कायद्यात आली. पण कायद्यासाठी उघडलेली, खेळण्यांवर धूळ बसलेली खोली आणि खरोखर मुले असलेली खोली यांतला फरक आया कोण आहे आणि ती किती वर्षे टिकली आहे, यावरून एका भेटीत कळतो. सोय कामगाराच्या गरजेकडे पाहून केली आहे की निरीक्षकाच्या शेऱ्याकडे पाहून, हे त्याला लगेच उमगते, आणि त्याच्या मनाची ओढ त्या उमगण्यावर ठरते.

माथाडी मंडळाच्या धर्तीवर १९८१ साली महाराष्ट्राने खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला. आता तीच कल्पना दारोदार खाणे आणि किराणा पोहोचविणाऱ्या मुलांसाठी पुढे आली आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरून अशी कामे देणाऱ्या मंचचालक कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, परंतु कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, वर्गणीचे बंधन ठेवले आहे. वाशीच्या एखाद्या उपाहारगृहाबाहेर दुचाकीला टेकून उभ्या असलेल्या मुलाच्या भ्रमणध्वनीत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची ॲप्स एकाच वेळी चालू असतात, आणि जी आधी वाजेल तिची खेप तो उचलतो. निधी झाला तरी त्याची निष्ठा या दोहोंपैकी कोणाला लाभणार नाही, हे तुर्भ्याच्या अनुभवावरून सांगता येते. ती निधीकडे तरी जाईल की नाही, हे सांगणे अवघड आहे. कारण माथाडीची टोळी मंडळाच्या आधी अस्तित्वात होती, कायदा टोळीने मागून घेतला होता, आणि या मुलाच्या शेजारी उभी असलेली मुले अद्याप त्याची टोळी झालेली नाहीत.